चारशे रुपयांचा हिशेब : बैरागडच्या डॉक्टर दांपत्याचे प्रकरण

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात विदर्भातील एक तरुण डॉक्टर लग्नासाठी मुली पाहत होता आणि येणाऱ्या प्रत्येक स्थळापुढे चार अटी ठेवत होता. मुलीची ४० किलोमीटर पायी चालण्याची तयारी असावी. लग्न नोंदणी पद्धतीने, ५ रुपयांत व्हावे. संसार महिन्याला ४०० रुपयांत चालवता यावा. आणि वेळ आलीच तर स्वतःसाठी नव्हे, पण इतरांसाठी भीक मागण्याचीही लाज वाटू नये. डॉ. रवींद्र कोल्हे यांनी नंतर अनेक मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे शंभराच्या आसपास मुलींनी या अटी ऐकून नकार दिला. अखेरीस नागपुरात स्वतःचा होमिओपॅथीचा दवाखाना व्यवस्थित चालवणाऱ्या डॉ. स्मिता यांनी होकार दिला, आणि हे दांपत्य मेळघाटातील बैरागड या गावी राहायला गेले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या कामाला तीन दशके होऊन गेली होती.

समाधानाने आणि अर्थपूर्ण रीतीने काम करण्यासाठी श्रीमंत होणे आवश्यक आहे का, असा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात हे उदाहरण हमखास दिले जाते, आणि ते त्यागाची कथा म्हणून सांगून संपवले जाते. ऐकणाऱ्याला भरून येते आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागतो. या पद्धतीने सांगितल्यामुळे त्या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग, म्हणजे त्यातला हिशेब, बाजूला पडतो असे मला वाटते. चौथ्या अटीचे सगळ्यांना कौतुक आहे. तिसऱ्या अटीतला आकडा कुठून आला याची चौकशी सहसा कोणी करत नाही. प्रस्तुत टिपण मुख्यतः त्या आकड्याविषयी आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके मिळून मेळघाट होतो. सातपुड्याच्या रांगा, सागाचे जंगल आणि १९७४ पासूनचा व्याघ्र प्रकल्प यांच्यामध्ये विखुरलेल्या गावांत प्रामुख्याने कोरकू आदिवासींची वस्ती आहे. पावसाळ्यातील एका पिकावर वर्ष निघत नाही, म्हणून पीक हाती आले की अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला गावी परततात. आजारी मूल प्रथम भुमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, नेले जाते. पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे चटके देण्याची, ज्याला तिथे डंबा म्हणतात ती प्रथा, आजही बातम्यांत येत असते. १९९०च्या दशकात येथील कुपोषणाने झालेल्या बालमृत्यूंची दखल देशभर घेतली गेली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. कोल्हे तेथे गेले ते त्याच्या कितीतरी आधी, म्हणजे मेळघाटाला बातमीचे मोल येण्यापूर्वी.

ते मूळचे शेगावचे. वडील रेल्वेत नोकरीला. शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाले. गांधी आणि विनोबा यांच्या वाचनाचा परिणाम होताच, आणि त्यात जिथे डॉक्टर पोहोचत नाही अशा खेड्यांसाठी लिहिलेले एक आरोग्यविषयक पुस्तक हाती पडले. चौघे जण एका रुग्णाला उचलून दूरच्या इस्पितळाकडे नेत आहेत, हे त्यातले चित्र त्यांच्या मनातून गेले नाही. दुर्गम भागात जाण्याचा निश्चय त्यांनी बोलून दाखवला तेव्हा एका जाणत्या प्राध्यापकांनी त्यांना भाषण न देता तीन कामे शिकून घ्यायला सांगितली : सोनोग्राफी आणि रक्त चढवण्याची सोय नसताना बाळंतपण करणे, एक्स-रे नसताना न्यूमोनिया ओळखणे, आणि अतिसारावर उपचार करणे. त्यासाठी कोल्हे सहा महिने मुंबईत राहिले आणि मग बैरागडला पोहोचले. हरिसालपर्यंत वाहन मिळे. तेथून पुढे चालत जावे लागे. पहिल्या अटीतले ४० किलोमीटर ते हेच. ती अट मुलीची परीक्षा पाहण्यासाठी घातलेली नव्हती, तो केवळ घरी जाण्याचा रस्ता होता.

आता तिसरी अट. डॉक्टरांची तपासणी फी पहिल्या भेटीला २ रुपये आणि त्यानंतरच्या प्रत्येक भेटीला १ रुपया अशी होती. महिन्याला साधारण ४०० रुग्ण आले आणि प्रत्येकाकडून १ रुपया मिळाला, तर ४०० रुपये होतात. त्यांचा ठोकताळा एवढाच होता. महिन्यातील २५ दिवस दवाखाना चालला असे धरले तर दिवसाला १६ रुग्ण पुरतात. म्हणजे हा आकडा वैराग्यातून आलेला नाही. आधी रुग्णाला काय परवडेल ते ठरले, मग किती रुग्ण येतील याचा अंदाज झाला, आणि त्यावरून घरात किती पैसे येतील ते निघाले. संसाराचा खर्च त्या रकमेत बसवायचा असे शेवटी ठरले. आपण बहुतेक जण हे गणित उलट्या टोकाने मांडतो. आधी घर, गाडी, शाळा यांचा खर्च धरतो आणि तो भागेल असे काम शोधतो.

ही रक्कम त्या काळात कितीशी होती हे समजण्यासाठी विदर्भातलेच एक माप वापरता येते. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शेतमजुरांच्या किमान वेतनाचा वाद महाराष्ट्रात गाजला होता. वि. स. पागे यांच्या समितीच्या आधारे ठरलेला दिवसाचा ४ रुपये हा दर मजुराच्या खऱ्या गरजांच्या हिशेबाने फार कमी असून तो १२ रुपये असायला हवा, असे डॉ. अभय बंग यांनी अभ्यास करून दाखवून दिले आणि पुढे दर वाढले. त्या १२ रुपयांनी भागले तर ४०० रुपये म्हणजे सुमारे ३३ दिवसांची मजुरी होते. दोन डॉक्टरांनी मिळून एका शेतमजुराच्या, तोही महिनाभर रोज काम मिळणाऱ्या शेतमजुराच्या, उत्पन्नात राहायचे ठरवले होते. कागदावर पाहिले तर डॉक्टर आणि त्याचा रुग्ण एकाच पायरीवर येतात.

प्रत्यक्षात ते एका पायरीवर नव्हते, आणि मुद्दा इथेच गुंतागुंतीचा होतो. मजुराला महिन्याचे सगळे दिवस काम मिळत नव्हते. डॉक्टरांचे १६ रुग्ण मात्र पावसाळ्यातही चुकत नव्हते, उलट वाढतच होते. मजूर आजारी पडला की मजुरी बुडते. डॉक्टरांच्या मागे नागपूर होते, पदवी होती, वैद्यक परिषदेची नोंदणी होती आणि एका पत्रासरशी मिळू शकणारी नोकरी होती. ४०० रुपये ही त्यांच्यासाठी स्वतः आखलेली वरची मर्यादा होती. कोरकू कुटुंबासाठी तेवढे रुपये ही गाठता न येणारी रक्कम होती. स्वीकारलेली गरिबी आणि वाट्याला आलेली गरिबी यांना आपण एकच शब्द वापरतो, हा भाषेचा तोकडेपणा आहे. कोल्हे दांपत्याने स्वतः हा घोळ कधी केलेला दिसत नाही, हे त्यांच्या पुढच्या कामावरून कळते.

त्याआधी एका प्रसंगाकडे यायला हवे, कारण माझ्या मते या प्रकरणाचा कणा तो आहे. बैरागडला पहिले दीडेक वर्ष काम केल्यानंतर डॉक्टरांकडे एक माणूस आला, ज्याचा हात स्फोटात निकामी झाला होता आणि दुर्घटनेला तेरा दिवस उलटले होते. त्याच्यासाठी डॉक्टरांना काही करता आले नाही; ते शल्यचिकित्सक नव्हते. या अनुभवाने ते अस्वस्थ झाले आणि आपले ज्ञान अपुरे आहे हे मान्य करून पुढील शिक्षणासाठी परतले. सामाजिक वैद्यकशास्त्रात त्यांनी एम.डी. केले आणि प्रबंधाचा विषय म्हणून मेळघाटातील कुपोषण निवडले.

त्या पहिल्या दीड वर्षाचा विचार करा. गरजा कमी होत्या, हेतू शुद्ध होता, लोकांचा विश्वास बसू लागला होता. साधेपणात समाधान असते असे मानणाऱ्यांच्या यादीतील प्रत्येक गोष्ट हजर होती. तरीही काम करणारा माणूस समाधानी नव्हता. त्याला पैसे कमी पडत नव्हते, कौशल्य कमी पडत होते. ज्याच्यावर उपचार करता येत नाही असा रुग्ण परत पाठवताना हेतूची शुद्धता कामी येत नाही. म्हणून समाधानी कार्यजीवनाला काय लागते याची यादी करायची झाली, तर या प्रकरणाच्या आधारे मी पहिल्या क्रमांकावर कामातली तयारी ठेवीन, आणि तिच्यासाठी खर्च होतो हेही लगेच नोंदवीन. सहा महिने मुंबईत राहणे, पुन्हा महाविद्यालयात जाऊन पदव्युत्तर शिक्षण घेणे, या काळात कोणीतरी पोसावे लागते. ज्याच्या घरी आज कमावले तरच उद्या चूल पेटते, त्याला ही मुदत मिळत नाही.

दुसरी बाजू डॉ. स्मिता यांची आहे, आणि ती बहुतेक लेखनात दोन वाक्यांत आटोपली जाते. डॉक्टरांनी आपले जीवन आधी ठरवले आणि मग जोडीदार शोधला. स्मिता यांनी उभा केलेला दवाखाना बंद करून ते स्वीकारले. उत्पन्न सोडणे दोघांच्याही वाट्याला आले, पण हातातले सोडण्याची किंमत त्यांनी जास्त मोजली. बैरागडला त्यांचे स्वागतही झाले नाही. बायकांना समान वागणूक मिळावी, यासाठी त्या बोलू लागल्या तेव्हा गावात कुरबुर सुरू झाली. मग पहिल्या बाळंतपणाची वेळ आली. ते गावातच, इतर बायकांप्रमाणे करायचे असे ठरले आणि डॉक्टरांनी ते स्वतः केले. बाळाला मेंदूच्या आवरणाचा दाह, न्यूमोनिया आणि रक्तात जंतुसंसर्ग असे एकाच वेळी जडले. गावकऱ्यांनीच सांगितले, की मुलाला अकोल्याला मोठ्या दवाखान्यात न्या. डॉक्टरांनी निर्णय पत्नीवर सोपवला, आणि आपल्या बाळावर गावातल्या इतर बाळांप्रमाणेच येथेच उपचार व्हावेत असे स्मिता यांनी ठरवले. मूल वाचले. त्यानंतर गावाने स्मिता यांना आपले मानले, असे दोघेही सांगतात.

हा प्रसंग वाचताना मला आदर वाटतो आणि त्याच वेळी मी अवघडतो. मूल वाचले नसते तर हीच कथा आज कोणत्या शब्दांत सांगितली गेली असती? अर्थपूर्ण कामाची निवड ज्याने केली त्याने तिची किंमत मोजावी हे न्याय्य आहे; पण काही दिवसांच्या बाळाने कोणतीही निवड केलेली नसते. त्यांच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण त्या गावातल्या प्रत्येक आईपुढे अकोल्याचा पर्यायच नव्हता आणि स्मिता यांना ते असह्य वाटले होते. इतकेच म्हणता येईल, की पैसा जिथे खरोखर उपयोगी पडतो ती जागा म्हणजे असा दिवस असतो, आणि श्रीमंतीची गरज नाही असे म्हणणाऱ्याने या दिवसाचा विचार आधी केलेला असावा. श्रीमंती लागत नसली तरी आणीबाणीची तरतूद लागते, मग ती बँकेतल्या शिलकीची असो, विम्याची असो किंवा चालू स्थितीतील सरकारी रुग्णालयाची.

पुढची वर्षे या प्रकरणाला वेगळेच वळण देतात. मुले न्यूमोनियाने आणि अतिसाराने दगावतात हे खरे, पण ती आधीच कुपोषित असतात म्हणून दगावतात. थंडीत अंगावर कपडा नसतो आणि पावसाळ्यात घरात धान्य नसते, कारण शेतीत पैसा नसतो. कारणांची ही साखळी कळल्यावर दवाखान्यात बसून औषध देत राहणे अपुरे वाटू लागले. गावकरी जनावरे दाखवायला आणि पिकावरील रोग विचारायला येतच होते. डॉक्टरांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील परिचितांच्या मदतीने पशुवैद्यक आणि शेती शिकून घेतली, स्वतः शेती करून दाखवली, रोगाला बळी न पडणाऱ्या बियाण्यावर काम केले. स्वस्त धान्य दुकान चालवायला घेतले, जेणेकरून पावसाळ्याच्या तोंडावर गावात धान्य असेल याची खात्री राहावी. दोन मुलांपैकी एकाने पुढे शेतीच स्वीकारली.

ज्या माणसाने स्वतःच्या उत्पन्नाला ४०० रुपयांचे कुंपण घातले होते, त्याने आयुष्यातला मोठा काळ शेजाऱ्यांचे उत्पन्न वाढवण्यात घालवला, यात मला विसंगती दिसत नाही. पैशाने माणूस सुखी होत नाही असा उपदेश त्यांनी कोरकूंना केला नाही. बाळाला पोटभर मिळण्यापर्यंतचा पैसा सुखाचे मूळ आहे हे त्यांना दवाखान्यातल्या नोंदवहीवरून कळले होते. ‘पैसा सर्वस्व नाही’ हे वाक्य कोण कोणाला ऐकवतो आहे यावर त्याची किंमत ठरते. पोट भरलेल्याने ते स्वतःला म्हणावे, उपाशी माणसाला ऐकवू नये.

संशोधकांच्या आकड्यांशी हे ताडून पाहण्यासारखे आहे. डॅनियल कानमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली अमेरिकेतील पाहणीवरून दाखवले होते, की वर्षाला सुमारे ७५ हजार डॉलरनंतर रोजच्या आनंदात उत्पन्नामुळे भर पडत नाही. श्रीमंती अनावश्यक आहे असे सांगणाऱ्यांना हा निष्कर्ष फार आवडला. पुढे मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांच्या आकडेवारीतून वेगळेच चित्र आले, तेव्हा कानमन यांनी वाद न घालता त्यांच्याबरोबर बसून दोन्ही माहिती पुन्हा तपासली आणि २०२३ साली संयुक्त निष्कर्ष मांडला : बहुतेकांच्या बाबतीत उत्पन्नाबरोबर आनंद वाढतच राहतो, आणि वरची मर्यादा दिसते ती मुळात दुःखी असलेल्या लहानशा गटात. म्हणून बैरागडचा दाखला देऊन ‘पैशाने सुख वाढत नाही’ असे कोणी सिद्ध करू पाहत असेल, तर तो दाखल्यावर नको तेवढे ओझे टाकतो. संशोधकांचा निष्कर्ष हा सरासरीचा नियम आहे, आणि एखाद्या माणसाने कमाईतून काय केले हे सरासरी सांगत नाही. दोन रुपयांच्या फीत समाधानी असलेला एक डॉक्टर त्या नियमाला खोटे पाडत नाही. श्रीमंती अपरिहार्य नाही एवढेच तो दाखवून देतो, आणि आपला प्रश्नही तेवढाच होता.

एक छोटी गोष्ट या दांपत्याविषयी सांगितली जाते. तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री बैरागडला आले असता डॉक्टरांचे घर पाहून चकित झाले आणि त्यांना चांगले घर बांधून देण्याची तयारी दाखवली. डॉ. स्मिता यांनी घराऐवजी परिसरातील रस्ते मागितले. याला त्याग म्हणण्याऐवजी मी व्यवहारज्ञान म्हणेन. घराने त्यांची राहण्याची सोय झाली असती, रस्त्याने त्यांचे काम सोपे झाले. आणि ज्याला कामातच रस आहे त्याच्यासाठी दुसरी मागणी अधिक फायद्याची होती.

आता हे उदाहरण इतरांना कितपत लागू पडते, हा भाग उरतो, आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांपुढे ते सांगणाऱ्यांनी याचा विचार टाळू नये. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. होणाऱ्याला एक वर्षाच्या ग्रामीण सेवेचे हमीपत्र द्यावे लागते, आणि बरीच वर्षे १० लाख रुपये भरून ती टाळता येत असे. पदव्युत्तर पदवीसाठी ही रक्कम ५० लाख होती. सेवेला किंमतपट्टी लावली की ती विकत घेऊन सुटणारे निघणारच, आणि दंडाच्या भीतीने गेलेल्या माणसाला खेड्यातले वर्ष शिक्षेसारखे वाटते. कोल्हे यांच्याकडे असलेले स्वातंत्र्य इथे नेमके गायब आहे. कोणत्या गावी जायचे, काय शिकायचे, कधी परतून पुन्हा शिकायचे आणि शेतीकडे कधी वळायचे, हे सगळे निर्णय त्यांचे स्वतःचे होते. माझ्या मते कमी पैशांत त्यांचे काम आनंदाचे राहिले याचे हे कारण पैशाइतकेच महत्त्वाचे आहे.

खासगी आणि अभिमत महाविद्यालयांत शिकणाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे. तेथे एका वर्षाची फी अनेक ठिकाणी २० लाखांच्या पुढे जाते. वडिलांनी शेत विकून किंवा घर तारण ठेवून ती भरलेली असेल, तर साडेचार वर्षांच्या शिक्षणानंतर आणि इंटर्नशिपनंतर तो मुलगा किंवा मुलगी आपल्या रुग्णाला काय परवडेल यावरून फी ठरवू शकत नाही. त्याआधी बँकेचा हप्ता ठरलेला असतो. रेल्वेत नोकरी करणाऱ्याचा मुलगा शासकीय महाविद्यालयाच्या माफक फीत, डोक्यावर कर्ज न घेता डॉक्टर झाला, म्हणूनच ४०० रुपयांचा हिशेब त्याला रुग्णाच्या खिशापासून मांडता आला. कर्ज घेऊन शिकलेल्याला तो मांडायला बसवले, तर वहीतला पहिलाच आकडा वजा निघतो, आणि दिवसाचे १६ रुग्ण तपासून, प्रत्येकी २ रुपये घेऊन, तो शून्यापर्यंतसुद्धा येत नाही.